डाग काढणारी

स्टुडिओत शिरलेला माणूस पहिल्यांदा कॅमेऱ्याकडे जात नाही, आरशाकडे जातो. गोंदियापलीकडच्या हिंदी मुलखातल्या आमच्या बालाघाटच्या स्टुडिओत शिरल्यावर उजव्या हाताला तो आरसा होता. खाली फळीवर कंगवा, पावडरचा डबा आणि टिकल्यांचं पाकीट ठेवलेलं असायचं. केस बसवायचे, पावडर थापायची, मान तिरकी करून एकदा स्वतःकडे पाहायचं आणि मग स्टुलावर येऊन बसायचं, हा सगळ्यांचा क्रम ठरलेला. जन्मभर मी त्या आरशाची काच पुसली, पण पुसताना नजर नेहमी कोपऱ्यावर. समोर पाहायचं नाही, हे मी फार लवकर शिकले होते.

चौदाव्या वर्षी माझ्या डाव्या डोळ्याखाली एक पांढरा ठिपका उठला. पुढच्या दिवाळीपर्यंत तो गालावर उतरला, मग ओठाच्या कोपऱ्याशी दुसरा आला. कोड. डॉक्टर झाले, वैद्य झाले, गोंदियाचा एक बुवा झाला, कडू काढे पिऊन माझी जीभ मेली, पण ठिपके आपल्या चालीनं चालत राहिले. शाळेत बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण एक दिवस दुसऱ्या बाकावर गेली आणि दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेले नाही. त्यानंतर माझा एकही फोटो निघाला नाही. फोटोवाल्याच्या घरात, जिथं शेजाऱ्यांच्या मांजरीचासुद्धा फोटो होता, तिथं मी कुठंच नव्हते. घरच्या लग्नात बटण दाबायला मी पुढं असायची. बटण दाबणारा फोटोत नसतो, हे कुणाला सांगावं लागत नाही.

बाबांनी मला डार्करूममध्ये नेलं. नव्या वाचकांसाठी सांगते, रोलवाल्या जमान्यात फोटो पेटीतून तयार होऊन बाहेर पडत नसे. बंद खोलीत, लाल दिव्याच्या उजेडात कागदावर निगेटिव्हची सावली पाडायची आणि तो कागद औषधाच्या ट्रेमध्ये बुडवायचा. ट्रे हलवत राहिलं की कोऱ्या कागदावर आधी केस उमटतात, मग भुवया, मग डोळे. हजारदा पाहिलं तरी दर वेळी माझा श्वास थांबायचा. बाबा म्हणाले होते, "इतं तुले कोनी पाहनार नाई, अन् तू साऱ्याईले पाहशीन." त्यात माझी सोय किती आणि त्यांची लाज किती, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मला मात्र ती खोली आवडली. लाल उजेडात सगळं अंग एका रंगाचं दिसे. पुढं हातांवरही ठिपके आले, तेही त्या उजेडात दिसेनात. दिवसभर मी तिथं नॉर्मल माणूस असायची आणि संध्याकाळी दार उघडलं की परत मी.

माझ्या वाट्याला आलेलं खास काम होतं डाग काढण्याचं. याला कारागिरी लागते आणि मला ती चांगलीच जमत होती, हे मी संकोच न करता सांगते. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर उजळ दिसतो. त्याच्यावर टोकदार शिसपेन्सिलीनं अगदी हलक्या रेघा भरल्या की छापताना तो उडतो. पांढरा डाग राहिला तर तो छापील फोटोवर बारीक कुंचल्यानं भरायचा. देवीचे व्रण, मस, सुरकुत्या, उन्हानं रापलेलं नाक, सगळं मी साफ करायची. बाहेर पाटीवर हिंदीत लिहिलेलंच होतं की चेहऱ्यावरचे डाग काढून मिळतील. किरनापूरचे, वाराशिवनीचे फोटोवाले आपले निगेटिव्ह आमच्याकडे पाठवत. काम कोण करतं हे विचारलं की बाबा म्हणत, "हाये एक कारागीर."

स्टुडिओत एक कोटही होता. काळा, खिळ्याला टांगलेला, टायसकट. नवरदेव कितीही जाड असो की काडीपैलवान, कोट तोच. जाड असला तर पाठीमागून उसवलेला होताच, बारीक असला तर मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. समोरून साहेब, मागून दोरीवरचं धुणं. लांजीपर्यंतच्या गावांत किती भिंतींवर तो एकच कोट वेगवेगळी मुंडकी घेऊन उभा आहे, देव जाणे.

त्या कोटात एकदा उकव्याचा एक पोरगा बसला. मँगनीजच्या खाणीत कामाला होता, मुलीकडच्यांना दाखवायला फोटो हवा होता. स्टुलावर बसायच्या आधी आमच्या नळावर त्यानं साबण लावून लावून तोंड धुतलं, इतकं की बाबा ओरडले. तरी पापण्यांच्या कडांना काळी रेघ होतीच. बाबांनी विचारलं, "काहून रे, काजळ घालतो काय?" पोरगा कसानुसा हसला. "काजय नोहे काका, खदान होय हे. साबनसे बी जात नाई. फोटोत नोका येऊ देऊ."

मी ती रेघ उडवली. फार नाजूक काम होतं, डोळ्याच्या कडेला पेन्सिल जरा चुकली तर माणूस आंधळा दिसतो. पोरगा फोटो पाहून खूश झाला आणि लग्नही ठरलं. वर्षभरानं तो बायकोला घेऊन जोडीचा फोटो काढायला आला. बायको पुढं, हा मागं. आल्या आल्या तिनं बाबांना धरलं. "काका, तुमी फोटोत दुसरंच मानूस दाखवलं मले. मांडवात अंतरपाट सरकला तं समोर हा काजयवाला." बाबांचा चेहरा पडला. तशी ती म्हणाली, "हाच बरा हाये पन. तो फोटोतला लय गुळगुळीत होता." ती बाबांशी भांडत नव्हती, तक्रारही नव्हती, पण डार्करूमच्या दाराआड मी ते ऐकलं आणि पेन्सिल खाली ठेवली. नंतर पुन्हा उचलली. पाटी बाहेर लागलेलीच होती.

मग रंगीत रोल आले, फोटो छापायला गोंदिया-नागपूरला जाऊ लागले. मग डिजिटल आलं आणि एक दिवस डार्करूमच्या ट्रेमध्ये आईनं पापड वाळत घातले. लाल दिवा काढला तेव्हा बाबा म्हणाले, "आता बाहेर ये बाई. माह्यानं नाई होत." मी बाहेर आले. ओढणी डाव्या गालावरून घेऊन पिन लावायची आणि गिऱ्हाईक आलं की कॅमेरा तोंडासमोर धरायचा. बायका सैल होऊन बसू लागल्या, कारण फोटो काढणारी बाई होती. धंदा वाढला. दर दिवाळीला शोकेस सजवताना बाबा विचारायचे, "एक तुया काढू काय व?" आणि मी म्हणायची, गिऱ्हाईक आहे. बाबा गेले तेव्हा त्यांच्या कॅमेऱ्यात माझा फोटो नव्हता. याचं मला वाईट वाटतं, आजही वाटतं, आणि ते कुठल्याही कुंचल्यानं भरता येत नाही.

आता भागरताबाई.

लांजीकडच्या एका गावातली म्हातारी, मुलगा सोमा तिला मोटरसायकलवर बसवून घेऊन आला होता. भिंतीवर लावायचा फोटो पाहिजे होता, म्हणजे मागाहून लावायचा. आमच्याकडे कित्येक म्हाताऱ्या माणसांना हे शहाणपण असतं. मेल्यावर पोरं आधारकार्डावरचा फोटो मोठा करून आणतील आणि आपण भिंतीवर कायमचे चोरासारखे दिसू, त्यापेक्षा आपल्या हातानं काढून ठेवलेला बरा. भागरताबाईनं हिरवं लुगडं नेसलं होतं. कपाळावर, डोळ्यांच्या कोनांशी आणि हनुवटीवर हिरवट गोंदण. मी लाइट लावले, दोन-तीन फोटो काढले, सोमाला पुढच्या बाजाराच्या दिवशी यायला सांगितलं.

कॉम्प्युटरवर आता पेन्सिल लागत नाही. एक बटण आहे, ते दाबलं की कातडी साफ होते. ते काय काय साफ करतं हे पाहायची मला सवयच राहिली नव्हती. दाबलं, छापलं, फ्रेममध्ये घातलं.

पुढच्या बाजारी म्हातारी स्वतः आली. फ्रेम हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि विचारलं, "हे कोन होय व?"

"आजी, तुम्हीच."

"मी नोहे. माया कपायावरचं कुठी गेलं?"

मी वाकून पाहिलं. कपाळ कोरं, हनुवटी कोरी. मी म्हटलं, "डाग काढले आजी. फोटो साफ केला."

"डाग?" म्हातारीनं फ्रेम टेबलावर पालथी ठेवली. "माया मायनं धरून गोंदवलं मले. तोंड सुजलं होतं, ताप आलता. मेल्यावर नथ इतंच राह्यते, चांदी इतंच राह्यते, लुगडं संग जयते. गोंदन तेवढं संग येते. ते बी तू पुसून टाकलं. वरतं मले कोन ओयखन?"

सोमा ओशाळला. "आई, ताई दुसरा करून देतीन ना."

"देईनच," मी म्हटलं. "बसा आजी, पुन्हा काढते."

ती बसली नाही. भिंतीवरचे फोटो पाहत फिरली. नवरदेव, बाळं, बाबा, कोट. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुया कुठी हाये?"

"मी नाही काढत माझा."

"काहून?"

हे काहून मला नवं नव्हतं. पण त्या दिवशी आधीच माझी कारागिरी पालथी पडली होती, वरून ही चौकशी. माझं डोकं फिरलं. मी ओढणीची पिन काढली आणि गाल तिच्या तोंडासमोर नेला. "यासाठी. पाहा नीट."

म्हातारीनं पाहिलं. दुसरं कुणी असतं तर नजर वळवली असती, किंवा नशिबाचा भोग आणि देवाची मर्जी असलं काहीतरी पुटपुटलं असतं. ते ऐकून ऐकून माझे कान किटले होते. हिनं अंगठा माझ्या गालावर फिरवला, बाजारात लुगड्याचा पोत पाहावा तसा. मग म्हणाली, "तुले तं देवानंच गोंदलं व बाई. सुई बी नाई लागली." आणि सोमाला म्हणाली, "जाय, चहा सांगून ये."

तिनं ते सांत्वन म्हणून सांगितलं नव्हतं. जे दिसलं ते बोलली आणि तिला चहा हवा होता. मी ओढणी हातात घेऊन उभी राहिले. रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं हे मला रडतानाच कळत होतं. फार वर्षं कुणी तरी चुकीच्या नावानं हाक मारत असावं आणि एकाएकी बरोबर नाव कानावर पडावं, तसं काहीतरी झालं.

चहा पिऊन म्हातारीनं अट घातली. "एकटीचा नोको काढू. एकटीचा म्हंजे मेलेल्याचा. मी आज जित्ती हाओ. तू बी बस संग."

मी समजावलं की भिंतीवर एकटीचाच लागतो, त्याच्यावर हार चढतो, त्यात मी कशी असणार. तिनं हात झटकला, कापायचं ते मागाहून काप म्हणून. "तवाचं तवा काटजो. आता बस."

स्टुडिओचे लाइट मी बंद ठेवले. समोरून झगझगीत उजेड पडला की गोंदण मरतं, हे मला तेव्हा उमगलं, इतकी वर्षं गोंदणाकडे त्या नजरेनं पाहिलंच नव्हतं. दाराशी बाक ओढलं, रस्त्याकडून तिरका उजेड येत होता. कॅमेरा तिपाईवर लावला, टायमर चालू केला आणि पळत येऊन तिच्या शेजारी बसले. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले, मान वर, हनुवटी खाली, हलू नका, इकडे पाहा. आता मला सांगायला तिकडं कुणी नव्हतं. भिंगाचं काळं भोक तेवढं माझ्याकडे पाहत होतं. माझा हात आपोआप ओढणी शोधत गालाकडे निघाला. म्हातारीनं मनगट धरलं आणि ते आपल्या मांडीवर दाबून ठेवलं. "चूप बस," ती म्हणाली. मला हसू फुटलं आणि कॅमेरा वाजला.

फोटो कॉम्प्युटरवर उघडला आणि कामाच्या सवयीनं मोठा केला. माझ्या डोळ्याखालचा ठिपका पडदाभर झाला. बोट माऊसवर होतं आणि डाग काढायचं बटण तिथंच होतं. मी ते दाबणार नव्हते असं आज मोठेपणानं लिहिता येईल, पण खरं असं की मी थांबले ते कुतूहलानं. हा चेहरा मी एवढा मोठा कधी पाहिलाच नव्हता. मला वाटलं होतं ठिपकेच दिसतील. ठिपके दिसलेही, पण त्यांच्या कडा नदीकाठच्या रेतीसारख्या वळणावळणाच्या होत्या आणि मला फोटोवाली म्हणून त्या आवडल्या. नाक बाबांचं निघालं. हसताना उजवी भुवई वर जाते हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. आणि ती बाई, जी पडद्यावर बसली होती, ती सुखी दिसत होती. मी तिला दुःखी समजत आले होते. वैनगंगेच्या काठी डोळे मिटून बसल्यानं माणसाला जे मिळतं म्हणतात, ते मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, डोळे टक्क उघडे ठेवून मिळालं. मी त्या बाईला पुष्कळ वेळ पाहिलं. मग कुठंही हात न लावता फोटो छापला. म्हातारीनं हरेक ठिपका बोटानं तपासला, तिचा आणि माझाही, आणि फ्रेम लुगड्याच्या पदरात गुंडाळून घेऊन गेली.

त्या आठवड्यात मी पाटीवरची डागांची ओळ रंगवून टाकली आणि गालावरची पिन काढली ती काढलीच. काही गिऱ्हाइकं एकदा पाहून पुन्हा आली नाहीत. त्यांचे फोटो आता दुसरीकडे गुळगुळीत निघतात. बाकीच्यांना मी विचारून घेते, चेहऱ्यावरचं काय ठेवायचं आणि काय नाही. ऐकून नवल वाटेल, पण बहुतेक लोक जरा विचार करून म्हणतात, राहू द्या. ज्यांना मी न विचारता साफ केलं, ती माणसं भिंतींवर आहेत आणि त्यांची नातवंडं त्यांना तसंच ओळखतात, याला आता माझ्याकडे उपाय नाही.

धान कापणीनंतर सोमाचा फोन आला. म्हातारी गेली होती. "ताई, तेरवीले तुमी याच. अन् फोटोचं थोडंसं..." पुढं तो अडखळला. मला कळलं. मी कॉम्प्युटरवर तो फोटो उघडला, भागरताबाईला वेगळं केलं, खांद्याशी माझी ओढणी येत होती तीही कापली, आणि नवी फ्रेम करून पिशवीत घातली. स्वतःला कापताना जीवाला लागलं, पण काम होतं ते.

घरात पोचले तर भिंतीवर फोटो लागलेला होता. आम्ही दोघी, जशाच्या तशा. काचेवर म्हातारीच्या कपाळाशी कुंकू लावलेलं. हार मात्र मोठ्या अडचणीत होता. अख्ख्या फ्रेमवर टाकला तर माझ्याही गळ्यात पडणार, म्हणून कुणीतरी दुसरा खिळा ठोकून तो तिच्या अर्ध्यावरच रोखून धरला होता.

सोमा हात जोडून उभा राहिला. "ताई, हेच सांगाचं होतं तुमाले. आई सांगून गेली, काटाचा नाई म्हने. काटला तं मले भिंतीवर लावू नोका म्हने." मला म्हणाली होती काटजो, आणि घरात हे. मला तिथंच हसू यायला लागलं. पण कोपऱ्यातून सोमाचा काका बोलला की जित्त्या बाईले मेलेलीसंग भिंतीवर टांगनं अपशकून हाये, तिचं आयुष्य कमी होते, तिले विचारा तरी. सोमा म्हणाला, "तुमाले चालत नसन तं आताच उतरवतो, ताई."

कापलेला फोटो माझ्या पिशवीत होता. हात पिशवीत घालायचा, काढून द्यायचा, आणि सगळ्यांचीच सुटका. मी भिंतीजवळ गेले आणि फोटो पाहिला, दुसऱ्या कुणाचं काम तपासावं तसा. उजेड बरोबर बाजूनं आलेला. दोघींच्या डोळ्यांत दाराचा चौकोन चमकत होता. तिचं गोंदण स्पष्ट, माझं गोंदण स्पष्ट. फोकस दोघींवर. कुठंही खोट काढायला जागा नव्हती.

"राहू दे सोमा," मी म्हटलं. "फोटो चांगला आला आहे. दोघी चांगल्या आल्या."

काका कुरकुरला, पण त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. बायका जवळ आल्या. त्यांतली एक, भागरताबाईची बहीण असावी, कपाळावर तसंच गोंदण, काठी टेकत भिंतीशी आली. तिनं वर फोटोकडे पाहिलं, मग माझ्या गालाकडे, मग पुन्हा वर. ठिपका ठिपक्याशी ताडून घेतला.

"हे तूच होय काय व?" तिनं विचारलं.

भर उजेडात, घरभर लोकांसमोर, उघड्या तोंडानं मी म्हटलं, "हौ. मीच होय."